मृतांच्या वारसांचा हक्क

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणास मुकली. ज्या शहरात ४० फूट लांबीरुंदीच्या पलीकडे फलकाला परवानगी नाही, त्या शहरात हा फलक १२० फूट लांब व १२० फूट रुंद होता. तो रस्त्यावरून जाणाऱ्या लाखो लोकांना दिसत होता. ज्यांनी पाहावयाचा त्यांनाच तेवढा दिसला नाही. दुर्घटनेनंतर राज्य शासनाने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचे लगोलग जाहीर केले. घरातला कमावता माणूस गेल्यावर दुसऱ्या दिवशी चूल पेटावी यासाठी तातडीने पैसा देण्यात गैर काही नाही. परंतु या पैशाला शासकीय परिभाषेत जे नाव आहे, ते विचार करण्यासारखे आहे. त्याला 'सानुग्रह' साहाय्य म्हणतात.

अनुग्रह गुरूने शिष्यावर करावा, देवाने भक्तावर करावा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावर अनुग्रह करण्याचा अधिकार अन्यायाला जबाबदार असणाऱ्या यंत्रणेकडे कसा येतो? सानुग्रह रक्कम देणारा आपली चूक मान्य करीत नाही. ती मागता येत नाही, न मिळाल्यास तिच्यासाठी भांडता येत नाही, आणि ती किती असावी हे वारसाच्या गरजेवर ठरत नाही. पुष्कळदा ते दुर्घटनेला वृत्तपत्रांत किती जागा मिळाली यावर ठरते. एकाच वेळी सतरा माणसे मेली तर मंत्री येतात; सतरा माणसे सतरा ठिकाणी, सतरा दिवशी, सतरा अपुऱ्या पराच्यांवरून पडून मेली तर पंचनाम्याचा कागदही धड होत नाही. भरपाई ही गोष्ट मुळातच वेगळी आहे. भरपाई म्हणजे देणे. ती ऋणकोने धनकोला फेडावयाची असते आणि तिच्यापुढे विधवेला हात जोडून उभे राहावे लागत नाही.

मृत्यूबद्दल असे देणे लागते हे कायद्याने सहजासहजी मान्य केलेले नाही. १८०८ साली इंग्लंडमध्ये एक घोडागाडी उलटून पती-पत्नी जखमी झाले व पत्नी महिन्याभराने मरण पावली. पतीने दावा लावला तेव्हा लॉर्ड एलनबरो या न्यायाधीशाने निर्णय दिला की, पत्नी जिवंत होती त्या महिन्यापुरतीच तिच्या सहवासाची भरपाई मागता येईल. मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रारीची बाब होऊ शकत नाही. म्हणजे गाडीवाल्याच्या दृष्टीने प्रवाशाचा पाय मोडण्यापेक्षा प्रवासी मरणे स्वस्त होते. पुढे रेल्वे आली, अपघात वाढले, आणि १८४६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटला हा नियम बदलणे भाग पडले. हिंदुस्थानात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली आणि १८५५ साली तोच कायदा येथे लागू करण्यात आला. दुसऱ्याच्या चुकीने मृत्यू झाल्यास मृताची पत्नी, पती, आईबाप व मुले यांना दावा करता येईल, असे तो सांगतो. भाऊ आणि बहीण त्याच्या यादीत नाहीत. धाकट्या भावंडांसाठी शाळा सोडून कारखान्यात गेलेल्या थोरल्या भावाची या देशात काही कमतरता नाही, पण कायद्याचा मसुदा लंडनहून आला असल्याने त्याला हा भाऊ ठाऊक नव्हता. पावणेदोनशे वर्षे होत आली तरी त्याची ओळख करून देण्याची निकड कोणालाही वाटली नाही.

त्या मानाने १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा पुष्कळ शहाणा होता. परकीय सरकारने केलेला असला तरी त्यामागे गिरण्यांतील आणि खाणींतील मृत्यूंचा दाब होता. कामावर असताना आणि कामामुळे मृत्यू आला एवढे दाखविले की पुरे. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, आणि मृत्यूच्या बाबतीत कामगाराच्याच चुकीकडे बोट दाखवून मालकाला सुटता येत नाही. ठेकेदाराचा माणूस मेला तरी ज्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाने आधी पैसे भरावेत व मग ते ठेकेदाराकडून वसूल करीत बसावे, अशी व्यवस्था त्यात होती. सर्वांत मोलाची तरतूद म्हणजे मृत्यूची भरपाई मालकाने वारसाच्या हातात परस्पर द्यावयाची नाही, ती आयुक्तांकडे जमा करावयाची. शोकाकुल बाईच्या हातावर चार नोटा ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेणारा मालक या कायद्याच्या कर्त्यांनी पाहिलेला असला पाहिजे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. नाव बदलले, अंगठा घेणारा मालक काही बदललेला नाही. मध्यंतरी त्याला एक मध्यस्थ तेवढा मिळाला आहे, त्याला मुकादम म्हणा की पुरवठादार म्हणा.

ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, ज्याला पगाराची पावती नाही, जो बिहारमधून वा मराठवाड्यातून आला आणि ज्याला ठेकेदार नुसत्या टोपणनावाने ओळखतो, तो कामगार मेला की पहिला प्रश्न भरपाई किती हा नसतोच. तो येथे कामाला होता काय, हाच प्रश्न असतो. ठेकेदार म्हणतो, मी याला ओळखत नाही. बांधकामाचा मालक म्हणतो, मी ठेकेदाराला काम दिले, माणसे त्याने आणली. इतक्यात प्रेत गावी नेण्याची घाई असते, त्यासाठी गाडीभाडे लागते, आणि ते ज्याने दिले तोच त्या घटकेला उपकारकर्ता ठरतो. पुढे वारस दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या आणि शवविच्छेदनाच्या अहवालासाठी पोलीस ठाण्याच्या खेपा सुरू होतात. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. हक्क कायद्याच्या पुस्तकात असून भागत नाही, हे वाक्य आता गुळगुळीत झाले आहे. परंतु ज्या विधवेला अशा दहा-वीस खेपा घालाव्या लागतात तिच्या लेखी ते अजूनही खरखरीतच आहे.

आणि एवढे करून हक्क शाबीत झाला तरी रक्कम किती, हे मेलेला माणूस नेमका कोठे मेला यावर अवलंबून असते. एकच मजूर घ्यावा. तो मोटारीखाली सापडून मेला तर मोटार अपघात न्यायाधिकरण त्याच्या उत्पन्नाचा हिशेब मांडील. तो गर्दीने भरलेल्या लोकलमधून पडला तर रेल्वेच्या कोष्टकाप्रमाणे ८ लाख. हा आकडा २०१७ च्या आरंभी ४ लाखांवरून वाढविण्यात आला. मात्र तोच मजूर पादचारी पूल लांब पडतो म्हणून रूळ ओलांडताना मेला तर सामान्यतः काहीच नाही. गटारात गुदमरून मेला तर ३० लाख, कागदावर तरी. पोलीस कोठडीत मेला तर उच्च न्यायालयात याचिका करावी लागेल. ओरिसातील एका २२ वर्षांच्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाल्याबद्दल १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आईला दीड लाख रुपये देवविले, आणि मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल राज्याला सार्वभौमत्वाच्या आड लपता येणार नाही असे बजावले; परंतु त्या मार्गाला अजूनही कायद्याचा पक्का रस्ता झालेला नाही. आणि फलकाखाली मेला तर अनुग्रह आहेच.

यांत रेल्वेच्या कोष्टकात एक गोष्ट मात्र चांगली आहे आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. तेथे पहिल्या वर्गाचा प्रवासी व दुसऱ्या वर्गाचा प्रवासी यांच्या मृत्यूला एकच रक्कम आहे. मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्याच कारणावरून तो प्रवासी नव्हता असे म्हणता येणार नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. रक्कम तोकडी आहे हे खरेच. जून २०२५ च्या ९ तारखेला मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून प्रवासी पडून मरण पावले आणि त्याच महिन्याच्या १२ तारखेला अहमदाबादेत विमान कोसळले. विमान कंपनीच्या मालक उद्योगसमूहाने प्रत्येक मृतामागे १ कोटी रुपये जाहीर केले. ते योग्यच झाले. लोकलमधून पडणाऱ्याचे कोष्टक मात्र आठ लाखांवरच राहिले, आणि त्या तीन दिवसांच्या अंतरात या देशातील दोन प्रकारच्या प्रवाशांचे अंतर ज्याला दिसावयाचे त्याला दिसले.

मोटार अपघातांच्या बाबतीत न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत पुष्कळ शिस्त आणली आहे. २००९ आणि २०१७ च्या निर्णयांनी ठरवून दिलेली रीत अशी: मृताचे वार्षिक उत्पन्न घ्यावे, भावी वाढीसाठी त्यात काही भर घालावी, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा भाग वजा करावा आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावे. महिना १२,००० रुपये मिळविणारा, मागे चार माणसे असणारा ३० वर्षांचा हमाल मेला तर या रीतीने रक्कम २५ लाख ७० हजारांच्या आसपास येते. त्याच वयाचा, तितकेच अवलंबित असणारा, महिना २ लाख पगाराचा अधिकारी त्याच ट्रकखाली मेला तर प्राप्तिकर वजा करूनही आकडा ३ कोटींच्या पुढे जातो. जिवंतपणी दोघांच्या उत्पन्नात जे अंतर होते ते मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांसाठी गोठवून टाकण्याचे काम हा गुणाकार बिनचूक करतो. त्यात हमालाचे उत्पन्न १२,००० होते याला पुरावा काय, हा विमा कंपनीच्या वकिलाचा प्रश्न वेगळाच. गंमत अशी की, पत्नीला पतीच्या सहवासाला मुकावे लागले याबद्दलची रक्कम मात्र हमालाच्या व अधिकाऱ्याच्या बायकोला सारखीच मिळते. ती २०१७ साली ४०,००० रुपये ठरली. समता आहे, पण ती हिशेबातल्या सर्वांत स्वस्त कलमापुरती आहे.

या रीतीच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे आहे आणि ते टाळू नये. भरपाई ही झालेल्या नुकसानीची असते. अधिकाऱ्याच्या कुटुंबाने त्याच्या पगाराच्या भरवशावर घराचे कर्ज काढलेले असते, मुलांना तशा शाळेत घातलेले असते, त्यांनाही एकाएकी रस्त्यावर आणणे न्यायाचे नाही. हे मान्य केले तरी एवढा प्रश्न उरतोच की, ज्या मजुराला आयुष्यभर किमान वेतनापेक्षा कमी दिले गेले, त्याच्या मरणाची किंमत त्याच कमी वेतनावर का मोजावी? त्याचे शोषण हाच त्याच्या भरपाईचा पाया करणे, यात नुकसानीची मोजदाद कमी आणि शोषणावर शिक्कामोर्तब अधिक आहे. अधिकाऱ्याच्या वारसांना अधिक मिळाले म्हणून कोणाचे पोट दुखण्याचे कारण नाही. हमालाच्या वारसांना कोणत्या रकमेखाली जाऊ द्यावयाचे नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि ती मर्यादा मजुरीच्या पावतीवर ठरता कामा नये.

जिच्या हातात पावती कधी येतच नाही तिचे काय, हा त्याच प्रश्नाचा दुसरा पदर. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला पोलाद कंपनीच्या संस्थापक-दिनाच्या समारंभात मंडपाला आग लागून ६० माणसे मेली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच पुष्कळ होती. भरपाईचे गणित मांडण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपविले. त्यांनी ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या श्रमाचे मोल वर्षाला १२,००० रुपये धरले. न्यायालयाने २००१ साली ते ३६,००० केले. महिना ३,००० रुपयांना तेव्हाही चार माणसांचा स्वयंपाक, धुणी-भांडी, आजाऱ्याची शुश्रूषा आणि मुलांचा अभ्यास सांभाळणारा नोकर मिळाला नसता. तरीही या निर्णयाचे महत्त्व कमी नाही, कारण घरकामाला काही तरी किंमत आहे हे त्याने निःसंदिग्धपणे मान्य केले. मोटार कायद्याच्या १९९४ च्या कोष्टकात तर कमाई नसलेल्या पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश धरावे असे लिहिलेले होते. म्हणजे श्रीमंताच्या बायकोने लाटलेली पोळी महाग आणि गरिबाच्या बायकोने लाटलेली स्वस्त! २०१० साली सर्वोच्च न्यायालयानेच दाखवून दिले की, जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या व कैदी यांच्याबरोबर अनुत्पादकांच्या रकान्यात बसविण्यात आले आहे. २०२१ च्या आणखी एका निर्णयात शासनाच्याच पाहणीचा आधार घेऊन न्यायालयाने नमूद केले की, बिनमोबदल्याच्या घरकामात स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते आणि पुरुष ९७. पाच तासांच्या या कामाचे दाम तिला जिवंतपणी कोणी देत नाही. ते प्रथम मोजले जाते ते ती मेल्यावर, आणि तेही न्यायालयात, परक्या माणसांच्या तोंडून.

जमशेदपूरच्या त्याच निकालात आणखी एक बारकावा आहे. दहा ते पंधरा वर्षांच्या मृत मुलांनी पुढे घराला काय हातभार लावला असता, याचा अंदाज न्यायालयाने दुप्पट केला; कारण त्या कंपनीच्या कामगारांच्या मुलाला कंपनीत नोकरी मिळण्याची प्रथा होती. मुलांच्या आईबापांना चार पैसे अधिक मिळाले याबद्दल समाधानच मानले पाहिजे. पण ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या बाबतीत हाच युक्तिवाद कोणत्या दिशेला जाईल, याचीही कल्पना येथे करून पाहावी.

या सगळ्या विषयात ज्या प्रकरणाची छाया सर्वांत लांब पडते ते अर्थातच भोपाळचे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. १९८५ साली संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. असहायांचा पालक म्हणून सरकार पुढे आले. परंतु या पालकाच्या वित्तसंस्थांचे भाग त्याच कंपनीत होते, आणि कारखान्याला परवाने देणारा व त्याची तपासणी करणाराही तोच होता. ३३० कोटी डॉलरांची मागणी झाली. १९८६ साली अमेरिकन न्यायालयाने प्रकरण भारतात चालवा म्हणून परत पाठविले. त्याच वर्षी डिसेंबरात, दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात, न्यायमूर्ती भगवती यांच्या घटनापीठाने सांगितले की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे आणि उद्योग जितका मोठा व सधन तितकी भरपाईही मोठी असली पाहिजे. हे तत्त्व भोपाळच्याच दिशेने तोंड करून उच्चारलेले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रत्यक्षात झाली ती तडजोड, ४७ कोटी डॉलरांची. हिशेब असा मांडला गेला की, मृत ३,००० आणि त्यांच्यासाठी एकंदर ७० कोटी रुपये, माणशी १ ते ३ लाख. पुढे मृत्यूचे पाच हजारांहून अधिक दावे मान्य झाले. पैशाची थैली मात्र आधीच शिवून झाली होती. मृतांचे वारस या वाटाघाटीत कोठेही नव्हते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रक्कम अपुरी पडल्यास ती केंद्राने भरून काढावी. केंद्राने ती कंपनीकडून मागावयाचे मनावर घेतले ते २०१० मध्ये, आणि १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी ती याचिका फेटाळली. पीडितांसाठी विमा उतरविण्याचे सांगितलेले असताना तो उतरविला नाही, यावरून न्यायालयाने सरकारला बोल लावला, तो अगदी रास्त होता. कंपनीला मात्र त्यामुळे एक छदामही द्यावा लागला नाही.

भोपाळ ही एका रात्रीची गोष्ट होती. गटारातील मृत्यू ही नेहमीची आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक गटार-मृत्यूसाठी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका गृहनिर्माण संस्थेची मैलाटाकी साफ करताना तीन कामगार मेले. काम खाजगी संस्थेचे, माणसे ठेकेदाराची, तेव्हा पैसे शासनाने का द्यावेत, असा वाद निघाला. तिघांच्या विधवांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने शासनाला बजावले की, ही प्रथा संपविणे हे राज्याचेच कर्तव्य आहे. १० लाख आधी द्या आणि ज्याच्याकडून वसूल करावयाचे त्याच्याकडून मागाहून करा. म्हणजे १९२३ साली गिरणीमालकाला जे ऐकविले गेले तेच जवळजवळ शंभर वर्षांनी लोकनियुक्त शासनाला ऐकवावे लागले. आणि ज्या जातींच्या माणसांना या टाक्यांत उतरावे लागते त्या जाती कोणत्या, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही.

रक्कम वाढविल्याने मृत्यू थांबतील काय, असे विचारले जाते. नुसत्या रकमेने थांबणार नाहीत. परंतु आज ठेकेदाराच्या दृष्टीने यंत्र आणण्यापेक्षा माणूस उतरविणे स्वस्त पडते, कारण माणूस मेला तर त्याचा खर्च बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी माथी, करदात्याच्या तिजोरीवर नाही तर विधवेच्या कपाळी जातो. तो खर्च ज्याने मृत्यू ओढवला त्याच्या वहीत लिहिला गेला पाहिजे. त्यासाठी एकच कायदा हवा. चुकीने, निष्काळजीपणाने वा बेकायदा कामाने आलेल्या कोणत्याही मृत्यूला त्यात एक किमान रक्कम ठरलेली असावी. मृत कोठे मेला, काय कमावीत होता, पुरुष होता की स्त्री, याने ती कमी होऊ नये. ती महागाईबरोबर आपोआप वाढावी, मंत्र्याच्या मर्जीची वाट पाहू नये. ठरलेल्या मुदतीत शासनाने ती आधी चुकती करावी व दोषी मालकाकडून जमीन-महसुलाप्रमाणे वसूल करावी. त्याहून अधिक नुकसान ज्याला दाखविता येईल त्याने ते खुशाल दाखवावे आणि मिळवावे. वारसांत धाकटी भावंडे असावीत. आणि सतरा कचेऱ्यांच्या खेपा वारसाने न घालता मृत्यूची नोंद ज्याने केली त्या अधिकाऱ्याने प्रकरण पुढे न्यावे.

या मागणीत अपूर्व असे काही नाही. दिवाणी अपकृत्ये हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. केंद्राने टाळाटाळ केली तरी महाराष्ट्राच्या विधिमंडळाला असा कायदा करता येतो. स्वतंत्र भारताच्या विधि आयोगाने १९५६ साली दिलेला अगदी पहिला अहवाल याच प्रश्नाच्या एका बाजूवर, शासनाच्या चुकीने नागरिकाचे नुकसान झाले तर शासन किती जबाबदार, यावर होता. आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड होते आणि शासनाची जबाबदारी कायद्याने स्पष्ट करावी अशी शिफारस त्यांनी केली. तिच्या आधारे साठोत्तरी दशकात लोकसभेत विधेयकही आले. ते कायदा न होताच रद्दबातल झाले आणि त्यानंतरच्या कोणत्याही सरकारने, त्याचा रंग कोणताही असो, ते पुन्हा मांडलेले नाही.